सतरा विती, चार बोटं

आई गेल्याच्या आठव्या महिन्यात स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं. तिच्या हयातीत ज्या कामाला कुणी हात घातला नव्हता, त्याला आता हात घालण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. प्लंबरने भिंतीवर टकटक करून कान लावला आणि पाइप पार सडलाय, ओटा फोडल्याशिवाय हाती लागायचा नाही, असं सांगितलं. ओटा फोडायचा म्हणजे फरशी जाणार आणि फरशीपाठोपाठ कपाटं. धाकटीने तेव्हाच ओळखलं की आता काही शिल्लक राहत नाही.

धाकटी म्हणजे घरातली मुलगी. वय बेचाळीस, नोकरी ग्रंथालयात. दादाच्या पाठची म्हणून लहानपणी पडलेलं नाव केस पिकायला लागले तरी सुटलं नव्हतं. काम सुरू झालं तशी ती तीन आठवड्यांची रजा काढून बाबांकडे राहायला आली. दादा दोन गल्ल्या पलीकडे राहायचा आणि रोज ऑफिसला जाताना डोकावून जायचा. बाबा दिवसभर बाल्कनीत बसून असत. ते भूगोलाचे निवृत्त मास्तर. उंच, सडसडीत, आणि संसारात पन्नास वर्षं काढूनही स्वयंपाकघराला परके. आई त्यांना आत येऊच द्यायची नाही. "तुम्ही आलात की दोन माणसांची जागा अडते," म्हणायची. ती गेल्यापासून ते पातेल्यातलं गार अन्न सिंकपाशी उभ्यानेच खात. टेबलावर बसा म्हटलं की, "कोण आणतंय तिथपर्यंत," एवढंच म्हणत.

ओटा फुटला, ढिगारा उपसला गेला, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी धाकटीला ती वही सापडली. ड्रॉवरमधलं सटरफटर एका खोक्यात भरून ठेवलं होतं. त्यात सुतळी, मेणबत्त्यांची थोटकं आणि रबरबँडांचा गोळा यांच्याखाली किराणा लिहायची वही होती. पहिल्या पानांवर साबण, साखर, काडेपेट्या. शेवटच्या पानांवर मात्र पेन्सिलीने काढलेला एक आराखडा होता. रेघा थरथरत्या होत्या, पण प्रत्येक रेघेवर आकडा लिहिलेला होता. तारीख आई जायच्या आधी एक महिन्याची.

आराखडा स्वयंपाकघर आणि जेवायची खोली यांच्यामधल्या चिंचोळ्या खोलीचा होता. तिथे आजवर अडगळ असायची. आईला तिथे पँट्री हवी होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. सव्वीस वर्षं ती एका मोठ्या अतिथिगृहाच्या पँट्रीत कामाला होती. मुदपाकखाना आणि भोजनगृह यांच्यामधली ती खोली. तिथे अन्न शिजत नाही आणि कुणी जेवतही नाही, पण तिथली बाई चुकली तर दोन्हीकडे बोंब होते. ताटल्या पुसायच्या, गरम ठेवायच्या, भांड्यांतलं अन्न वाढून बाहेर पाठवायचं आणि उष्टं परत आत घ्यायचं. आईचा नियम एकच होता: उष्टं आणि स्वच्छ यांची गाठ पडता कामा नये. एका दारापाशी उष्ट्या ताटल्या उतरायच्या, मग सिंक, मग निथळायची जागा, मग फडताळ, मग वाढायचा ओटा. ताटली एकदा निघाली की गोल फिरून पुन्हा टेबलावर, मध्ये कुठे उलटी वळायची नाही. घरी मात्र तीच बाई पन्नास वर्षं खरकटी ताटं शिजत्या अन्नावरून नेत आली होती. घरी दहा माणसं जेवायला आली की ती जेवणाआधीच दमायची.

वहीतल्या आराखड्यात पाच खण होते. दोन, चार, तीन, चार, चार. खाली बेरीज: सतरा विती. आणि शेवटच्या खणापुढे दाराच्या बाजूला लिहिलं होतं, "४ बोटं मोकळी सोडा."

आईने आयुष्यात टेप वापरली नाही. पडदे, चादरी, फडताळं, सगळं तिने अंगठा आणि करंगळी ताणून मोजलं. नवं स्वयंपाकघर आखून द्यायला बोलावलेल्या डिझायनर बाईंपुढे धाकटीने वही ठेवली. चटपटीत, कानामागे पेन्सिल खोचलेली तरुण बाई. त्यांनी आधी कौतुक केलं, मग आकडे पाहिले, आणि कपाळाला आठी घालून वीत म्हणजे किती, असं विचारलं. पुस्तकांत आयुष्य गेलेल्या धाकटीने अशा वेळी जे करायचं तेच केलं. शब्दकोश उघडला. वीत म्हणजे बारा अंगुळं, नऊ इंच.

डिझायनर बाईंनी हिशेब केला. सतरा विती आणि चार बोटं म्हणजे तेरा फूट. खोली दहा फुटांची.

त्याच संध्याकाळी दादा आला तेव्हा तिघांनी मिळून पुन्हा मोजलं. खोली दहाच फूट निघाली. दहाला तेरा व्हायचं काही कारणही नव्हतं. डिझायनर बाईंनी एक मार्ग सुचवला. पहिला खण, उष्ट्या ताटल्यांचा, काढून टाकायचा, सिंक लहान करायचं, मग बसेल. धाकटी म्हणाली, तो खण काढला तर राहिलं काय, नुसतं कपाटच की. दुसरा मार्ग दादाचा होता. त्याच्या मते तिथे फ्रिज आणि कपडे धुवायचं मशीन ठेवावं, बाबांना कपड्यांसाठी गच्चीवर जायला नको. मशीन तर त्याने दुकानात बघूनही ठेवलं होतं. गुरुवारी प्लंबर नळाच्या आणि मोरीच्या जागा पक्क्या करणार, वरून काँक्रीट पडणार. काय करायचं ते त्याआधी ठरवा, असं प्लंबरने बजावलं होतं. ते सोमवारचं बोलणं.

धाकटी गप्प बसली असती, पण जाता जाता दादा दारात थांबला आणि चपला घालता घालता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्या आकड्यांच्या नादी लागू नकोस. त्या महिन्यात तिला कसलाच मेळ नव्हता. आज वार कोणता तेही सांगता यायचं नाही तिला. मी बसायचो ना जवळ."

तो खोटं बोलत नव्हता. त्या महिन्यात रोज ऑफिसातून परस्पर येऊन तोच आईपाशी बसायचा, औषधं तोच द्यायचा. धाकटी आठवड्यातून दोनदा यायची, फुलं बदलायची, वाचून दाखवायची. आईचं काय चाललंय हे जास्त कुणाला माहीत, यावर वाद घालायला तिच्याकडे तोंड नव्हतं. पण त्या एका वाक्याने ती पँट्री पँट्री उरली नाही. आईचं डोकं शेवटपर्यंत ठिकाणावर होतं की तिने कागदावर नुसत्या रेघोट्या ओढल्या होत्या, हे त्या दहा फुटांवर येऊन ठेपलं होतं. आणि गुरुवारनंतर ते कायमचं काँक्रीटखाली जाणार होतं.

मंगळवारी सकाळी तिने स्वतःलाच झापलं. शब्दकोशातली वीत शब्दकोशातल्या माणसाची. आई पाच फुटांची चिमुकली बाई, तिची वीत नऊ इंच कुठून असणार? आता आईची वीत शोधायची. सगळ्यात सोपा होता जुना ओटा. तो किती विती आहे हे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण ओट्याचे तुकडे होऊन तो केव्हाच ट्रकमधून गेला होता. मग तिला हॉलची खिडकी आठवली. पडद्याच्या दुकानात आई छातीठोकपणे "नऊ विती" सांगायची, आणि पडदा कधी बोटभरही चुकला नाही. धाकटीने खिडकी मोजली. सहा फूट. म्हणजे वीत आठ इंचांची. आनंदाच्या भरात तिने तिथेच खिडकीच्या काचेवर बोटाने गुणाकार केला. उत्तर आलं अकरा फूट सात इंच. एकोणीस इंच जास्त.

सुतार कोपऱ्यात फळी तासत होता. जुना जाणता माणूस. कामापुरतं ऐकायचा आणि बाकीचं ऐकलं नाही असं दाखवायचा. त्याने रंधा थांबवला आणि विचारलं, "पडदे कधीचे?"

बारा वर्षांपूर्वीचे.

"मग हात तोच राहिला असेल का, ताई? माझ्या आईची बोटं शेवटी अशी झाली होती." त्याने पंजा अर्धवट मिटून दाखवला आणि पुन्हा रंध्याला लागला.

धाकटी तिथेच पोत्यावर बसली. शेवटची दोन वर्षं आईच्या बोटांचे सांधे धरले होते. बरण्यांची झाकणं बाबा उघडून द्यायचे. कपाची दांडी तिच्या बोटांत बसेना म्हणून ती पेल्यातून चहा घ्यायची. हे सगळं डोळ्यांदेखत झालं होतं, आणि आपण तिचा हात बारा वर्षांपूर्वीचा धरून बसलो होतो. वीत आठ इंचांहून कमी भरणार हे नक्की. पण किती कमी?

दुपारी डिझायनर बाईंना तिने हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, एकोणीस इंच कमी होईल अशी वीत धरू, त्यात काय, आकडा बसवायला कितीसा वेळ लागतो. धाकटीला ते नको होतं. उत्तर पाहून गणित सोडवलं तर दादा हसला नसता, पण त्याला पटलंही नसतं. आणि खरं तर तिलाही पटलं नसतं. शिवाय वहीतली दुसरी अडचण होतीच. पुढच्या पानावर एक उभी रेघ होती, वर छोटासा गोल, शेजारी "१०". रेघेच्या मध्याच्या जरा वर एक आडवी खूण, तिथे लिहिलं होतं "५ वि. ३ बो., ओटा". डिझायनर बाईंच्या मते तो उभा दिवा असावा. ओटा मात्र नऊच्या हिशेबाने जवळपास चार फूट उंच होत होता, आठच्या हिशेबानेही बराच उंच. आईचा स्वयंपाकघरातला ओटा तर होता जेमतेम अडीच फुटांचा. ज्या बाईला वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागायचं, ती एवढा उंच ओटा कशाला मांडेल? डिझायनर बाईंनी वही मिटून परत दिली. पण दादा काय म्हणेल ते धाकटीला ऐकू आलं.

बुधवारी दुपारी ती हरली. दोन कप चहा घेऊन बाल्कनीत गेली. मधल्या खोलीत मशीन ठेवायचं ठरतंय, असं तिने बाबांना सांगितलं. बाबांनी मान डोलावली. गेले आठ महिने ते सगळ्यालाच मान डोलवत होते. वही त्यांनी पाहिली नव्हती. तिनेही मुद्दामच दाखवली नव्हती; आईचं अक्षर पाहिलं की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. पण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सतरा वितींचं, खिडकीचं, सांध्यांचं सगळं तिने त्यांना सांगून टाकलं.

मास्तरांनी मास्तरांसारखाच प्रश्न विचारला. "नकाशा आहे, तर प्रमाण कुठे लिहिलंय?"

"तेच तर नाही ना, बाबा."

"बघू."

तिने वही त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी चष्मा चढवला. आराखड्यावरून नजर फिरवली, पान उलटलं आणि त्या उभ्या रेघेवर थांबले. रेघेवरून खालून वर बोट फिरवलं. मग त्यांच्या खांद्यांना हलकासा झटका बसला. धाकटी घाबरून पुढे झाली तर ते हसत होते.

"हा दिवा कोण म्हणालं?" त्यांनी विचारलं. "हा मी आहे."

मग त्यांनी जे सांगितलं ते तिने त्यांच्याकडून दोनदा ऐकून घेतलं. एका दुपारी आईने त्यांना भिंतीला टेकून उभं केलं होतं. टाच भिंतीला, हनुवटी सरळ. पायापासून वर ती वितीवितीने चढत आली. शेवटच्या दोन विती राहिल्या तेव्हा स्टुलावर चढायला निघाली, ते रागावले, तरी चढलीच. त्यांना गुदगुल्या होत होत्या. हलू नका म्हणाली, कपाटं हलत नाहीत. वर पोचल्यावर म्हणाली, दहा. बरोबर दहा, बोटभर इकडेतिकडे नाही. हिशेबाला सोपा आहे हो तुमचा देह.

"मला वाटलं वेळ जावा म्हणून काहीतरी करतेय," बाबा म्हणाले. "विचारलंही नाही कशाला ते."

धाकटीने दादाला फोन केला. फक्त, ऑफिसातून सरळ इकडे ये, एवढंच म्हणाली. डिझायनर बाईंनाही थांबवून ठेवलं. पाच वाजता बाबांना मधल्या खोलीत, सोललेल्या भिंतीशी, अनवाणी उभं केलं. टेप तिने मुद्दाम दादाच्या हातात दिली. सुताराने बाबांच्या डोक्यावर काटकोनी गुण्या धरून भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. दादाने खाली बसून टेपचं टोक दाबलं, वर उठून आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

पाच फूट नऊ इंच. एकोणसत्तर इंच, दहा विती. वीत सहा पूर्णांक नऊ दशांश इंच.

डिझायनर बाईंनी फोनवर गुणाकार केला. सतरा विती म्हणजे एकशे सतरा इंच आणि वर जरासं. खोली एकशे वीस. राहिले पावणेतीन इंचांहून किंचित कमी. कुणी सांगायच्या आत धाकटीने आपल्या हाताची चार बोटं जुळवून टेपवर आडवी ठेवली. तिची बोटं आईच्याच वळणाची, बारीक. पहिल्या बोटापासून चौथ्यापर्यंत, पावणेतीनला उणी.

"म्हणजे दार पूर्ण उघडतं," डिझायनर बाई हळूच म्हणाल्या. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी कागदावर दार उघडताना फिरतं ती कमान काढली, मूठ कुठे येते ते पाहिलं. "मूठ खणाला लागू नये म्हणून ती जागा. मी स्वतः केलं असतं तर हे विसरले असते."

मग त्यांनी ओट्याची उंची काढली. साडेछत्तीस इंच. उंच माणसाला वाकावं लागू नये, इतकी. सगळ्यांच्या नजरा बाबांकडे गेल्या. ते अजून भिंतीला टेकून तसेच उभे होते, कुणी हला म्हटलं नव्हतं म्हणून. आईला त्या ओट्यावर हात उचलूनच काम करावं लागलं असतं. हे धाकटीच्या लक्षात आलं. तिथे कुणालाच ते बोलून दाखवायची गरज वाटली नाही.

"काखेत कळसा," सुतार म्हणाला, आणि खूण पुसू नका, मी पॉलिशखाली ठेवतो, असंही म्हणाला.

दादा टेप गुंडाळत होता. ती आपोआप आत जाणारी टेप होती, तरी तो हाताने गुंडाळत होता. "मी तिला रोज वार विचारायचो," तो म्हणाला. "ती चुकायची. मला वाटलं..."

"वार तिला कधीच आठवले नाहीत," बाबा म्हणाले. "अतिथिगृहात रविवार नसतो, बाळा. लग्नानंतर पहिली दहा वर्षं मी रोज सकाळी तिला वार सांगायचो."

दादाने तोंड फिरवलं. थोड्या वेळाने खिशातून फोन काढून दुकानात मशीन नको म्हणून कळवलं, आणि प्लंबरला उद्या सकाळी आठला यायला सांगितलं. साडेआठ नाही, आठला.

पुढचे पाच आठवडे घरात धूळ होती आणि भांडणं होती, पण ती सगळी चांगली भांडणं होती. रंग कोणता, मुठी कशाच्या, दिवा कुठे. वहिनी एकदा येऊन सगळ्यांना मूर्ख ठरवून गेली आणि जाताना फडताळाला दारं नकोत, उघडंच ठेवा, असं म्हणाली, ते तिचंच बरोबर निघालं. धाकटीने रजा दोनदा वाढवली. ग्रंथपाल बाईंनी आजारी आहेस का विचारलं; ती म्हणाली, नाही, बांधतेय.

पहिल्या जेवणाला चौदा माणसं बोलावली. नातेवाईक, शेजारी, आणि अतिथिगृहात आईच्या वरच्या पदावर असलेल्या मोठ्या बाई. ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत आलेल्या, चेहऱ्यावर तीच तपासणीची नजर. सूप, भात, भाजलेल्या भाज्या, दोन प्रकारचे पाव, शेवटी केक. स्वयंपाक वहिनीचा आणि धाकटीचा. पँट्रीत बाबा.

हे कुणी ठरवलं नव्हतं. सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून आत गेले आणि ओट्याशी उभे राहिले. न वाकता. ताटल्या त्यांनी एकसारख्या रचल्या, कडा पुसून, प्रत्येक ताटलीवरचा निळा पट्टा एकाच दिशेला, वर्गातल्या वह्या रचाव्यात तशा. आतून येणारं भांडं ते घेत, वाढत, बाहेर देत. उष्टी ताटली दुसऱ्या दारापाशी उतरत होती, धुतली जात होती, निथळत होती, फडताळात चढत होती, आणि केकच्या वेळी पुन्हा त्यांच्या हातात येत होती. एकदाही कुणी कुणाला धडकलं नाही. स्वयंपाकघरात पाहुण्यांपैकी एकालाही डोकावावं लागलं नाही. मधेच दादा हौसेने उष्ट्या ताटल्यांची चळत घेऊन वाढायच्या ओट्याच्या बाजूने घुसायला लागला, तेव्हा बाबांनी त्याला शाळेच्या आवाजात उभं केलं.

"इकडून नाही. फिरून ये."

पन्नाशीला आलेला दादा चौदा माणसांसमोर ताटल्या घेऊन जेवायच्या खोलीतून वळसा घालून दुसऱ्या दाराने आला. वहिनी इतकी हसली की तिला बसावं लागलं.

जेवणं झाल्यावर मोठ्या बाई काठी टेकत आत आल्या. ओट्यावरून हात फिरवला, फडताळाच्या कडेवरून बोट फिरवून बोटाकडे पाहिलं, एक ड्रॉवर ओढला, लावला, पुन्हा ओढला. सिंकपासून ओट्यापर्यंत पावलं मोजत चालल्या आणि उलट न वळता दुसऱ्या दाराने बाहेर पडल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"सव्वीस वर्षं मागत होती ती आमच्याकडे अशीच मांडणी," त्या म्हणाल्या. "आम्ही दिली नाही. आमचं चुकलं."

धाकटीने उरलेला केक झाकून ठेवला. टेबल रिकामं झालं होतं, सगळं अकरा मिनिटांत. दादाने घड्याळ लावलं होतं. पाहुणे चपला शोधत होते. बाबा बाहेर आले, टेबलाशी एक खुर्ची ओढली, बसले, आणि स्वतःसाठी ठेवलेली ताटली पुढ्यात घेतली. गरम होती. पहिला घास घेतला, दुसरा घेतला. मग दाराकडे वळून, जाणाऱ्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"पुढच्या रविवारी किती जण येताय?"